बेरीज जुळत नाही? सूत्राचा माग काढताना येणाऱ्या अडचणी

आर्थिक वर्ष ३१ मार्चला संपले की पेडणे आणि डिचोली तालुक्यांतील दूध सोसायट्या, पतसंस्था आणि स्वयंसाहाय्य गट लेखापरीक्षणाच्या तयारीला लागतात. एकेकाळी खातेवहीत मांडला जाणारा हिशेब आता अनेक ठिकाणी एक्सेलच्या तक्त्यात असतो. खातेवहीतील खाडाखोड डोळ्यांना दिसत असे. तक्त्यात दिसतो तो केवळ आकडा, त्यामागचे सूत्र झाकलेले राहते. दूध उत्पादकाच्या हाती किती रक्कम पडणार, हे मात्र त्या झाकलेल्या सूत्रावरच ठरते.

समजा, एखाद्या सोसायटीच्या तक्त्यात ३० उत्पादक आहेत आणि बेरजेचे सूत्र दुसऱ्या ओळीपासून एकतिसाव्या ओळीपर्यंत आहे. मध्ये ओळ घातली तर सूत्राची कक्षा आपोआप वाढते. नवा उत्पादक यादीच्या तळाशी, बेरजेच्या अगदी वर जोडला तर तो पुष्कळदा कक्षेबाहेर राहतो. बेरीज येते, तीही दिसायला ठीकठाक. सेलच्या वरच्या डाव्या कोपऱ्यात उमटणारा लहानसा हिरवा त्रिकोण एवढाच काय तो इशारा, आणि घाईच्या दिवसांत नेमका तोच दुर्लक्षिला जातो.

ही चूक केवळ गावच्या हिशेबात होते असे नाही. कारमेन रायनहार्ट आणि केनेथ रोगॉफ या नामवंत अर्थतज्ज्ञांनी २०१० साली सरकारी कर्ज आणि आर्थिक वाढ यांविषयी शोधनिबंध प्रसिद्ध केला. त्यांच्या एक्सेल तक्त्यातील सरासरीच्या सूत्रातून वर्णानुक्रमे पहिले पाच देश सुटले होते. थॉमस हर्नडन या अमेरिकी विद्यार्थ्याने मूळ तक्ता मागवून तपासला आणि २०१३ साली ही गोष्ट उघड झाली. निबंधातील साऱ्या वादग्रस्त निष्कर्षांचे मूळ या एका चुकीत नव्हते, हेही खरे. पण तोवर अनेक देशांतील काटकसरीच्या चर्चेत त्या निबंधाचा आधार घेतला गेला होता.

अशा चुका शोधण्यासाठी एक्सेलच्या ‘फॉर्म्युलाज’ टॅबमध्ये ‘फॉर्म्युला ऑडिटिंग’ हा विभाग आहे. बेरजेचा सेल निवडून ‘ट्रेस प्रेसिडेंट्स’ दाबले की ती रक्कम कोणत्या सेलवरून आली ते निळा बाण दाखवतो आणि सूत्राच्या कक्षेभोवती चौकट उमटते. एकतिसावा उत्पादक त्या चौकटीबाहेर राहिला असेल तर तो तत्काळ नजरेस पडतो. ‘ट्रेस डिपेंडंट्स’ उलट्या दिशेने जाते. बाण लाल झाला तर तो चूक दाखवणाऱ्या सेलकडून आलेला असतो. काळा तुटक बाण दुसऱ्या शीटकडे किंवा फाइलकडे बोट दाखवतो.

पुष्कळांची तक्रार असते ती बाणच उमटत नसल्याची. अशा वेळी प्रथम शीट संरक्षित आहे का ते पाहावे. संरक्षण असेपर्यंत ही बटणे बहुधा निष्क्रिय राहतात. चुकून कंट्रोल आणि ६ या कळा एकत्र दाबल्या गेल्या असतील तर तक्त्यातील चित्रे आणि आकृत्यांसोबत बाणही लपतात. त्याच कळा पुन्हा दाबून ते परत आणता येतात. आपल्या सेलचा संदर्भ घेणारी दुसरी फाइल बंद असेल तर तिच्यापर्यंत माग पोचत नाही. वार्षिक ताळेबंद एका फाइलमध्ये आणि मासिक हिशेब दुसऱ्या फाइलमध्ये असल्यास दोन्ही फाइली उघडूनच तपासणी करावी.

एका दोषावर मात्र बाणांचा उपाय चालत नाही. बेरीज जुळावी म्हणून कुणीतरी सूत्रावर थेट आकडा टाइप केला असेल, तर त्या सेलला मागे जाण्यासारखे काही उरतच नाही. कंट्रोलसोबत टॅबच्या वरची कळ दाबली की संपूर्ण शीटवर आकड्यांऐवजी सूत्रे दिसू लागतात आणि सूत्रांच्या रांगेत एकटाच उभा असलेला आकडा लपून राहत नाही. लेखापरीक्षकापूर्वी सोसायटीच्या सचिवांनी ही एक कृती केली तरी निम्मा गोंधळ आवरतो.

दुसऱ्या फाइलमधून आणलेले आकडे काही वेळा मजकूर म्हणून साठवले जातात. ते दिसतात, पण बेरजेत धरले जात नाहीत. आकडा बदलूनही बेरीज जागची हलत नसेल, तर ‘कॅल्क्युलेशन ऑप्शन्स’मध्ये ‘ऑटोमॅटिक’ऐवजी ‘मॅन्युअल’ निवडलेले आहे का ते पाहावे. सूत्र बदलले किंवा ओळी घातल्या-काढल्या की बाण पुसले जातात. म्हणून दुरुस्तीला हात घालण्यापूर्वी बाणांसह त्या शीटची एक छापील प्रत काढून ठेवावी.