डी ड्राइव्ह नावाची वेगळी डिस्क नसते

संगणक बिघडला की घरोघरी एक दिलासा दिला जातो, ‘फोटो डी ड्राइव्हमध्ये आहेत, त्यांना काही होणार नाही.’ विंडोज नव्याने टाकायचं असेल तर हे बहुधा खरं ठरतं. पण सी, डी आणि ई हे बहुधा एकाच हार्ड डिस्कचे भाग असतात; ती डिस्कच बंद पडली, तर तिन्ही एकदम जातात. कपाटच जळालं, तर साड्या कुठल्या कप्प्यात होत्या याने काय फरक पडणार? लोकांना दोष देण्यात अर्थ नाही. विंडोजच्या खिडकीत अशा प्रत्येक विभाजनाला (पार्टिशनला) स्वतंत्र अक्षर आणि स्वतंत्र डिस्कचं चित्र मिळतं. त्यातून दुसरा कुठला समज होणार?

एके काळी ही अक्षरं खरं बोलत. गॅरी किल्डॉल यांनी १९७४ मध्ये ‘सीपी/एम’ ही संगणक प्रणाली लिहिली, तेव्हा ए आणि बी म्हणजे फ्लॉपीची दोन वेगळी यंत्रं, हात लावून दाखवता येणारी. टिम पॅटरसन यांनी त्याच धर्तीवर लिहिलेली प्रणाली मायक्रोसॉफ्टने विकत घेतली आणि ती ‘डॉस’ म्हणून १९८१ च्या आयबीएम पीसीवर आली. १९८३ च्या पीसी एक्सटीतली १० मेगाबाइटची हार्ड डिस्क सी झाली. डिस्क मोठ्या झाल्या, पण डॉसला ३२ मेगाबाइटपलीकडचा भाग सांभाळता येईना; म्हणून एकाच डिस्कचे तुकडे करून त्यांनाही अक्षरं वाटली गेली. अक्षराचा यंत्राशी संबंध तुटला तो इथे.  

युनिक्सने अक्षरं ठेवलीच नाहीत. तिथे सगळ्या डिस्क एकाच वृक्षाच्या फांद्यांवर जोडल्या जातात. मॅकओएसमध्ये २०१९ पासून प्रणाली आणि तुमच्या फायली दोन वेगळ्या व्हॉल्यूमवर असतात, पण फाइंडरमध्ये त्या एकच दिसतात. हे मला पटतं. बूटची आणि रिकव्हरीची विभाजनं रोजच्या खिडकीत नकोतच. जी दाखवायची, ती मात्र आपापल्या डिस्कखाली एकत्र दाखवावीत. एकाच डिस्कवर ठेवलेल्या दोन प्रती म्हणजे बॅकअप नव्हे, हे मग सांगावंच लागणार नाही.

सगळ्यात घातक आहे तो अनोळखी विभाजनाचा प्रश्न. डिस्कवरच्या विभाजनांची नोंद ठेवणाऱ्या जीपीटी तक्त्यात प्रत्येक विभाजनाच्या प्रकाराला १६ बाइटचा क्रमांक असतो. लिनक्सची साधनं बराच काळ विंडोजच्याच डेटा विभाजनाचा क्रमांक वापरत. परिणामी विंडोज लिनक्सच्या भागालाही अक्षर देई आणि त्यावर क्लिक केलं की ‘वापरण्याआधी फॉरमॅट करा’ असं सुचवी. एका बटणावर सगळ्या फायली पणाला! पुढे जीपीटी एफडिस्क आणि ग्नू पार्टेडच्या विकासकांनी लिनक्ससाठी वेगळा क्रमांक ठरवला. पण ही काळजी पडद्यावरच घ्यायला हवी होती. ‘इथे माहिती असू शकते, मला ती वाचता येत नाही’ एवढंच तिथे लिहावं आणि फॉरमॅटचं बटण डिस्क व्यवस्थापनाच्या खिडकीत ठेवावं.