आपल्याच कर्णधाराला शिव्या

उमरग्याच्या किंवा परंड्याच्या पोराला मुंबईचं वानखेडे स्टेडियम शेकडो किलोमीटर लांब. त्यामुळे त्याचं फॅन असणं दिसतं ते मोबाइलवरच: डीपी, स्टेटस, कमेंट. कोणाची निष्ठा जास्त, ही चढाओढही तिथेच चालते.

15 डिसेंबर 2023ला मुंबई इंडियन्सने रोहित शर्माच्या जागी हार्दिक पंड्याला कर्णधार नेमलं. रोहितने पाच वेळा आयपीएल जिंकून दिली होती, तेव्हा नाराजी रास्तच. पण त्या नाराजीची शिवीगाळ कशी झाली?

‘निर्णय पटला नाही’ असं लिहिणाऱ्याकडे कोणी ढुंकून पाहत नाही. कोणी जहरी टोमणा मारला, की हसणारे येतात, भांडणारेही येतात. कोण चिडलंय याच्याशी ॲपला देणंघेणं नसतं. किती जण थांबले, किती जणांनी उत्तर दिलं, किती जणांनी पुढे पाठवलं, मुख्यतः हेच ते मोजतं. भांडणात हे सगळं भरपूर मिळतं, म्हणून तीच पोस्ट आणखी लोकांपुढे येते. मीम पेजवाल्यांची तर सुगीच. त्यांची कमाई पोहोचीवर.

शिवीगाळीचं एक चाक ॲप फिरवतं; दुसरं चाहत्यांच्या गटाच्या आत फिरतं. जो जास्त कडवट, तो जास्त पक्का फॅन. ‘जाऊ द्या, खेळू द्या त्याला’ म्हणणाऱ्याला ‘तू खरा फॅनच नाहीस’ हे ऐकावं लागतं. तो गप्प बसतो, आणि सगळेच चिडलेत असं प्रत्येकाला वाटू लागतं. माझ्या मते खरी गोम इथे आहे.

1 एप्रिल 2024ला वानखेडेवर नाणेफेकीच्या वेळी घरच्याच प्रेक्षकांनी हार्दिकची हुर्यो उडवली; समालोचक संजय मांजरेकरांना माइकवरून त्यांना नीट वागायला सांगावं लागलं. 4 जुलैला, भारतीय संघ टी-20 विश्वचषक जिंकून आल्यावर, त्याच मैदानात त्याच्या नावाचा जयघोष झाला.

सगळा दोष मोबाइलवर ढकलता येत नाही. 2024च्याच मार्चमध्ये कोल्हापूरजवळच्या हणमंतवाडीत लोक एकत्र मुंबईचा सामना बघत असताना रोहित बाद झाला, आणि आनंद व्यक्त करणाऱ्या चेन्नई सुपर किंग्जच्या एका वयस्क चाहत्याला मारहाण झाली. त्यात त्यांचा जीव गेला.

मग करायचं काय? ट्रोलला सुनावणं म्हणजे त्याची पोहोच वाढवणं. रिपोर्ट करा, म्यूट करा. धमकी असेल तर लिंक आणि स्क्रीनशॉट जपून सायबर पोलिसांकडे द्या. गावच्या व्हॉट्सॲप ग्रुपच्या ॲडमिनने सामना संपायच्या आधीच ‘फक्त ॲडमिन मेसेज पाठवू शकतील’ ही सेटिंग लावून सकाळी काढली, तरी बरंच भागतं.