शेवटचे आठ मीटर

२३ ऑगस्ट २०२३ ही तारीख तुम्हांला आठवत असेल. त्या दिवशी सायंकाळी सहा वाजून चार मिनिटांच्या सुमारास चांद्रयान-३ चा विक्रम लँडर चंद्राच्या दक्षिण ध्रुवाजवळील प्रदेशात उतरला. तो प्रसंग पाहायला आमच्या इमारतीतील दहाबारा मुले आमच्याकडे येणार होती. म्हणून आदल्या रात्री आम्ही रंगीत तालीम घेतली आणि ती साफ फसली. पडद्यावरचे चित्र दर मिनिटाला थबके आणि मध्ये एक चक्र फिरत राही. चंद्राजवळून निघालेला संदेश पावणेचार लाख किलोमीटर कापून पृथ्वीवर पोचणार होता; आमच्या घरातले शेवटचे आठ मीटर मात्र ओलांडता येत नव्हते!

असे का व्हावे? आमच्या घरी इंटरनेटची तार बाहेरच्या खोलीतील राउटरपर्यंत येते. दूरचित्रवाणी संच आतल्या खोलीत. इंटरनेटवरून कार्यक्रम घेणारा आमचा सेट-टॉप बॉक्स जुना. त्याला फक्त ईथरनेटच्या तारेची खाच आहे, वायफाय नाही. भिंतीला भोके पाडून तार न्यायची नव्हती. म्हणून आम्ही साबणाच्या डबीएवढी एक पेटी आणली होती. तिला वायरलेस ब्रिज, म्हणजे बिनतारी पूल, म्हणतात.

ही पेटी दुभाष्याचे काम करते. राउटरकडून येणाऱ्या रेडिओलहरी ती आपल्या अँटेनावर घेते, त्यांतील माहिती वेगळी काढते आणि विद्युत संकेतांच्या रूपात आखूड तारेतून सेट-टॉप बॉक्सला देते. उलट दिशेनेही तसेच. बिचाऱ्या बॉक्सला वाटते, आपण तारेनेच राउटरला जोडलेले आहोत.

इंटरनेटवरून चित्र सलग येत नाही. माहितीच्या लहान लहान पाकिटांतून येते. हवेतून गेलेल्या पाकिटांची पोचपावती परत यावी लागते, पूर्वी रजिस्टर पत्राची येत असे तशी. पावती आली नाही तर पाकीट पुन्हा पाठवले जाते. लहरी क्षीण असल्या की पाकिटे बिघडतात, तीच तीच पुन्हा पाठवण्यात वेळ जातो. स्वच्छ चित्रासाठी सेकंदाला सुमारे ५० लक्ष बिट, म्हणजे ५ मेगाबिट, माहिती लागते. बॉक्स काही सेकंदांची माहिती साठवून ठेवतो. गच्चीवरच्या टाकीमुळे नळाचे पाणी गेले तरी थोडा वेळ आपले भागते ना, तसेच हे. टाकी रिकामी झाली की चित्र थबकते आणि चक्र फिरू लागते.

शेजारच्या काकांनी सुचवले, “जास्त वेगाची जोडणी घ्या.” पण पैसे खर्च करण्यापूर्वी दोष कोठे आहे ते शोधायला हवे. नववीतल्या माझ्या मुलीने राउटरशेजारी मोबाइल धरून वेग मोजला. तो सेकंदाला ४० मेगाबिट भरला. म्हणजे घरापर्यंत माहिती व्यवस्थित येत होती. दोष घरातच होता.

आता थोडे गणित करू. आमचा ब्रिज २.४ गिगाहर्ट्झ वारंवारतेवर चालतो. लहरींचा वेग सेकंदाला ३ लक्ष किलोमीटर. वेगाला वारंवारतेने भागले की तरंगलांबी मिळते: १२.५ सेंटिमीटर, म्हणजे साधारण अर्ध्या वितीहून थोडी जास्त. अशा लहरी विटांच्या भिंतीतून काही अंशी पार होतात. धातूच्या पत्र्यावरून मात्र त्या परावर्तित होतात. जर्मन शास्त्रज्ञ हाइन्रिश हर्ट्झ यांनी १८८८ साली जस्ताच्या पत्र्यावरून रेडिओलहरी परावर्तित करून दाखवल्या होत्या. जाणाऱ्या आणि परतणाऱ्या लहरी एकमेकींत मिसळून स्थिर तरंग तयार होतात. त्यांत काही ठिकाणी लहर जोरदार असते, तर काही ठिकाणी जवळजवळ नाहीशी होते. या दुसऱ्या जागांना निस्पंद बिंदू म्हणतात. लगतच्या दोन निस्पंद बिंदूंतील अंतर तरंगलांबीच्या निम्मे असते.

आमचा ब्रिज होता संचाच्या मागे, लोखंडी कपाटाला टेकून! हर्ट्झ यांचा पत्रा आम्ही नकळत घरात उभा केला होता. खोलीत लहरी भिंती, कपाटे, पंखे अशा अनेक वस्तूंवरून परततात. त्यामुळे निस्पंद बिंदू कोठे पडतील हे कागदावर सांगणे अवघड असते. पण एवढे नक्की, की पेटी तीनचार सेंटिमीटर सरकवली तरी फरक पडू शकतो.

येथेच ब्रिजचा खरा फायदा आहे. संच जागचा हलवता येत नाही, पण तारेच्या टोकाची पेटी हलवता येते. आम्ही तीन मीटरची तार लावली आणि पेटी सहा ठिकाणी ठेवून प्रत्येक ठिकाणी तीनदा वेग मोजला. कपाटामागे सेकंदाला सरासरी २ मेगाबिट, तर दारासमोरच्या फळीवर १९! दुसऱ्या दिवशी विक्रम उतरला तेव्हा चित्र एकदाही थांबले नाही. मुलांनी टाळ्या वाजवल्या त्या अर्थातच इस्रोसाठी, पण आमच्या मुलीने त्यांतल्या एकदोन स्वतःसाठी ठेवून घेतल्या.

तुम्हीही हा प्रयोग करा. घरात किंवा शाळेत वायफाय असेल तर मोबाइलवर वेग मोजा: उघड्या जागी, भिंतीपलीकडे, लोखंडी कपाटामागे. मग मोबाइल आणि राउटर यांच्या मध्ये दोघातिघांना उभे करा. माणसाच्या शरीरातील पाणी या लहरी शोषते. एकाच मोजणीवर विसंबू नका. घरातील इतर उपकरणे त्याच वेळी वायफाय वापरत असतील तर तुमच्या वाट्याला कमी वेग येतो. प्रत्येक जागी किमान तीन मोजण्या घेऊन सरासरी काढा. शिक्षकांनी साऱ्या वर्गाच्या नोंदी एकत्र करून खोलीचा नकाशा काढून घेतला, तर कमजोर जागा चटकन दिसतील.

आणि जाता जाता एक उदाहरण. काही ब्रिज ५ गिगाहर्ट्झवर चालतात. त्यांच्या लहरींचे लगतचे दोन निस्पंद बिंदू एकमेकांपासून किती अंतरावर असतील? उत्तर काढा आणि मगच पेटी सरकवा.