लाल आधी मावळतं

लेकरांनो, आज गोवर्धन घाटावर जाताना दारच्या जास्वंदीची एक डहाळी सोबत घ्या. फूल लालच हवं, आणि पानंही असू द्या. दिवस वर आहे तोवर फूल झळकेल, पानं मागं पडतील. आपल्या नांदेडात दिवस बुडाला की उजेड फार रेंगाळत नाही. वीस-पंचवीस मिनिटांत अंधारून येतं. तेवढा वेळ डहाळीवरून नजर हलवायची नाही. फूल काळवंडत जाईल, आणि पानं राखाडी होऊनही फुलाहून उजळ दिसतील. फूल तेच, पानं तीच. मग ही उलथापालथ केली कुणी?

तुमच्याच डोळ्यांनी.

डोळ्याच्या पडद्यावर दोन जातीच्या पेशी असतात. शंकूपेशी साठेक लाख. त्यांना रंग कळतात, पण उजेड भरपूर लागतो. दंडपेशी बारा कोटींच्या घरात. त्यांना रंगातलं काही कळत नाही, मात्र जराशा उजेडावर भागतं. पूर्वी इथल्या उस्मानशाही मिलमध्ये पाळी बदलायची ना, तशी तिन्हीसांजेला डोळ्यातही बदलते. मधे थोडा वेळ दोन्ही पाळ्या कामावर असतात, म्हणून तेव्हा रंग असल्यासारखाही वाटतो अन् नसल्यासारखाही. दंडपेशींना हिरवा-निळा उजेड चांगला टिपता येतो; लाल त्यांच्या लेखी जवळजवळ अंधारच.

बोहेमियाच्या यान पुर्किन्येनं हे १८२५ साली लिहून ठेवलं. त्यानं पाहिलं ते पहाटे. उजाडताना निळा आधी दिसला, लाल बराच वेळ काळाच राहिला. आपण संध्याकाळी बघतोय, कारण तुम्हाला पहाटे उठवणं माझ्याच्यानं होणार नाही.

आता कुणीतरी विचारणारच, मग रेल्वेचा सिग्नल रात्री लाल कसा दिसतो? अरे, तो स्वतःच दिवा आहे. त्याचा उजेड शंकूपेशींना पुरतो. फुलाला मात्र उसन्या उजेडावर दिसायचं असतं.

चांदण्या निघाल्या की आणखी एक करा. अगदी मंद चांदणीकडे रोखून पाहू नका, जराशी बाजूला नजर ठेवा. रोखून पाहिलं की ती हरवते, कारण नजरेच्या ऐन मधोमध दंडपेशी नसतातच. त्या पुऱ्या तयार व्हायला अर्धा-पाऊण तास घेतात, आणि लख्ख पडदा डोळ्यांसमोर आला की बरीचशी तयारी वाया जाते. तेव्हा मोबाइल आत्याकडे देऊन या, मग निघू.