घरच्या टाकीत गोड्या पाण्यातील खेकडे

मृगाचा पहिला पाऊस झाला की नाल्याच्या काठाने, बांधावर व पाटाच्या कडेला खेकडे बाहेर पडतात. साक्री तालुक्याचा पश्चिम भाग असो वा यावल-रावेरचा सातपुडा पायथा, रात्री बत्ती घेऊन खेकडे धरण्यास जाणे नवीन नाही. हे खेकडे घरी टाकीत पाळता येतील काय व त्यांची पिल्ले होतील काय, अशी विचारणा काही शेतकरी बंधूंकडून होते. दोन्ही गोष्टी शक्य आहेत. मात्र यातून उत्पन्न मिळेल अशी अपेक्षा धरू नये. वाढ सावकाश होते व हे प्राणी एकमेकांनाच खातात. हौस म्हणून व मुलांना निरीक्षणासाठी हा छंद उत्तम आहे.

आपल्या भागात आढळणारे खेकडे प्रामुख्याने बॅरिटेल्फुसा या प्रजातीतील आहेत. यांचे सर्व आयुष्य गोड्या पाण्यात व ओलसर बिळात जाते. खाडीतील मोठा हिरवट खेकडा, ज्याची शेती सिंधुदुर्गात केली जाते, तो अगदी वेगळा. त्याची मादी लाखो अंडी घालते आणि त्यातून निघणाऱ्या सूक्ष्म अळ्यांना समुद्राचे खारे पाणी लागते. त्यामुळे "खेकड्याचे बीज घ्या, विहिरीच्या पाण्यावर शेततळ्यात वाढवा" असे कोणी सांगू लागल्यास खिशात हात घालण्यापूर्वी ते बीज कोणत्या जातीचे आहे हे विचारावे. सह्याद्रीतील रंगीत खेकडेही आणू नयेत. तेथून 2016 साली एकदम पाच नव्या जातींची नोंद झाली. अशा जाती फार थोड्या जागेत राहतात.

टाकीची रचना

तीन फूट लांब व दीड फूट रुंद काचेची टाकी एक नर व दोन माद्यांना पुरते. जुना सिमेंटचा हौदही चालतो. तळाला धुतलेली वाळू घालून एका बाजूस चार-पाच इंच पाणी ठेवावे व दुसऱ्या बाजूस दगड, कौलांचे तुकडे व ओली माती रचून कोरडी जागा करावी. ही जागा अत्यावश्यक आहे. हा खेकडा कल्ल्यांबरोबरच हवेतूनही श्वास घेतो; त्याला बाहेर येता आले नाही तर अशुद्ध पाण्यात तो गुदमरतो. प्रत्येकास लपण्यास स्वतंत्र आडोसा द्यावा. वर जाळीचे झाकण ठेवून त्यावर दगड ठेवावा, नाही तर सकाळी खेकडा चुलीमागे सापडेल.

नळाचे पाणी चोवीस तास उघडे ठेवून मग वापरावे. काळ्या जमिनीतील विहिरीचे पाणी बहुधा जड असते व कवचासाठी ते चांगलेच. आठवड्यातून एकदा एक तृतीयांश पाणी बदलावे. एप्रिल-मे महिन्यांत टाकी सावलीत ठेवून भोवती ओले गोणपाट गुंडाळावे.

माझे पहिले चार खेकडे एका रात्रीत मेले. पाणी ज्या डब्यातून आणले, त्यात पूर्वी कपाशीच्या फवारणीचे द्रावण केले जात असे. डबा तीन वेळा धुतला होता! सायपरमेथ्रीनसारखी सिंथेटिक पायरेथ्रॉइड गटातील कीटकनाशके खेकडा, झिंगा यांना अत्यंत अल्प प्रमाणातही मारक ठरतात. मोरचूद, बोर्डो मिश्रण यांतील तांबेही घातक आहे. म्हणून फवारणीची भांडी, फवारलेल्या शेतालगतच्या चारीचे पाणी किंवा करप्यासाठी फवारलेल्या केळीची पाने टाकीजवळ येऊ देऊ नयेत. ओढ्यातून खेकडे नाहीसे होण्याचे एक कारणही हेच आहे.

खाद्य संध्याकाळी व थोडेच द्यावे: भिजवलेली ज्वारी, शिजलेला भात, भाजीचे तुकडे, गांडूळ, गोगलगाय. उरलेले सकाळी काढावे. अंड्याच्या टरफलांची पूड टाकावी. चुन्याची निवळी मात्र घालू नये. खेकडा कात टाकतो तेव्हा काही दिवस मऊ असतो व इतर त्याला फाडून खातात. त्यास वेगळे ठेवावे आणि टाकलेले कवच काढू नये, तो ते खाऊन चुना परत मिळवितो.

पिल्ले

नराच्या पोटाखालचा पडदा अरुंद, तर मादीचा रुंद व गोलाकार असतो. या पडद्याखाली मादी अंडी वाहते. ती संख्येने थोडी पण आकाराने मोठी असतात. त्यातून अळी न निघता थेट इवलासा खेकडाच बाहेर येतो आणि काही दिवस आईच्या पोटाखालीच राहतो. पावसाळ्याच्या सुमारास अशी मादी दिसल्यास नर लगेच हलवावा व मादीला हात लावू नये; घाबरल्यास ती अंडी झाडून टाकते. पिल्ले फिरू लागली की आईलाही वेगळे करावे. पिल्लांना उथळ पाणी व भरपूर खडे द्यावेत. तरीही बरीच पिल्ले एकमेकांना खातात. यावर अलग डबे हाच उपाय आहे. ओढ्यावर अंडी वा पिल्ले वाहणारी मादी दिसल्यास ती धरू नये.

खेकडा खायचा असल्यास पूर्ण शिजवूनच खावा. कच्च्या खेकड्यातून फुप्फुसातील पर्णकृमीची बाधा होते. मणिपूर भागात हा आजार परिचित आहे व तो क्षयासारखा भासतो.

जास्त झालेले खेकडे पाऊस सुरू झाल्यावर ज्या नाल्यातून आणले तेथेच सोडावेत. 2 जुलै 2019 रोजी तिवरे धरण फुटले तेव्हा दोष खेकड्यांवर टाकला गेला व त्याची थट्टाही झाली. धरणाचे सोडा, पण शेताचा बांध व पाटाची कड बिळांमुळे झिरपते हे खरे. फडाच्या चारीजवळ किंवा शेततळ्याच्या मातीच्या भरावावर ते सोडू नयेत.