पेटीची पट्टी अडकते तेव्हा

आमच्या गावच्या भजनी मंडळाची पेटी वडील वाजवितात. त्यांचे शिक्षण चौथीपर्यंतच झाले. पण पेटीच्या पोटात काय असते हे मला त्यांनीच शिकविले. तेही मी एकदा तिचे वाटोळे केल्यावर!

पावसाळ्यात लाकूड फुगते. पट्ट्या एकमेकींना घासतात, दाबलेली पट्टी वर येत नाही आणि तिचा सूर नको तेव्हा वाजत राहतो. सातवीत असताना, आषाढी एकादशीच्या आदल्या दिवशी, मी अशा पट्टीत खोबरेल तेल सोडले. पट्टीखाली चामडे लावलेली झडप असते. ती सुराचे छिद्र झाकते, पट्टी दाबली की उघडते व स्प्रिंगने मिटते. तेल त्या चामड्यात मुरले, वर धूळ चिकटली, झडप बसेना. एकादशीचे भजन नुसत्या टाळ-मृदंगावर झाले. वडील काहीच बोलले नाहीत, हे अधिक लागले.

मग त्यांनी पेटी उघडली. पट्ट्या काढण्यापूर्वी त्यांवर पेन्सिलीने क्रमांक घालावेत. एकीच्या जागी दुसरी बसत नाही. मऊ ब्रशाने धूळ झाडावी, पट्टी ज्या खिळ्यावर हलते तो कोरड्या फडक्याने पुसून त्यावर पेन्सिलीचे शिसे घासावे. वंगण एवढेच. लाकूड घासत असेल तर बारीक पॉलिश पेपरचे एक-दोन हात पुरेत; पावसाळ्यात जास्त तासलेली पट्टी उन्हाळ्यात खिळखिळी होते. पितळी सुरांना मात्र हात लावू नये. टोकाशी खरवडले तर सूर चढतो, मुळाशी खरवडले तर उतरतो.

तेल प्यालेले चामडे पुसून सुधारत नाही. ते बदलावेच लागले.