हाड खाणाऱ्या पेशींच्या मागावर

पोट्टेहो, शाळेच्या प्रयोगशाळेतला सांगाडा पाहून हाड म्हणजे काहीतरी वाळकं, निर्जीव असं वाटतं ना? तो सांगाडा निर्जीवच आहे, पण तुमच्या मांडीचं हाड नाही. ते जिवंत आहे आणि आत्ता, तुम्ही हे वाचताय तेव्हाही, कुणीतरी ते खातंय! खाणारंही बाहेरून आलेलं नाही. त्या तुमच्याच पेशी आहेत.

घाबरायचं काही कारण नाही. नागपुरात सिमेंट रोडची कामं तुम्ही पाहिलीच असतील. आधी एक टोळी येऊन जुना रस्ता उखडते, मग दुसरी टोळी नवा ओतते. हाडातही अशाच दोन टोळ्या असतात. खणणाऱ्या पेशींना ऑस्टिओक्लास्ट म्हणतात आणि भरणाऱ्यांना ऑस्टिओब्लास्ट. एका जागचं खणून व्हायला दोन-तीन आठवडे पुरतात, पण भरायला तीन-चार महिने जातात. मोठ्या माणसाच्या सांगाड्याचा साधारण 10 टक्के भाग दरवर्षी असा नव्यानं घडतो.

आता ही खणणारी पेशी जरा जवळून बघू, कारण ती आहेच तशी अजब. आपल्या बहुतेक पेशींत एकच केंद्रक असतं. हिच्यात पाच, दहा, कधी वीससुद्धा! कारण ती एकटी जन्मतच नाही. बऱ्याच लहान पेशी एकमेकींत मिसळतात आणि त्यांची ही एक मोठी पेशी होते. ती हाडाला घट्ट चिकटते, कडा सगळीकडून बंद करते आणि त्या बंद जागेत आम्ल सोडते. आम्लानं हाडातलं कॅल्शियम विरघळतं. मागे प्रथिनांचे धागे उरतात, ते ती विकरांनी तोडून टाकते. मग खाली एक छोटासा खड्डा राहतो आणि पेशी पुढे सरकते. सुटलेलं कॅल्शियम रक्तात जातं. आपलं हृदय आणि स्नायू त्याच्यावाचून चालत नाहीत.

मग या पेशी येतात कुठून? हाडाच्या पोकळीतल्या अस्थिमज्जेतून. रक्ताच्या लाल पेशी जिथे तयार होतात, तिथूनच. विदर्भातल्या मुलांना सिकलसेल हा आजार सांगायला नको. त्यात लाल पेशी विळ्यासारख्या वाकतात, हाडातल्या बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात आणि हाडं भयंकर दुखतात. मध्य भारतातल्या या सिकलसेलबद्दल डॉ. शुक्ला आणि डॉ. सोळंकी यांनी 1958 मध्येच ‘लॅन्सेट’ या जगप्रसिद्ध वैद्यकीय नियतकालिकात लिहिलं होतं. रक्त बिघडलं तर हाडाला भोगावं लागतं, एवढं या दोघांचं नातं जवळचं आहे.

खणणाऱ्या पेशीही रक्ताच्याच घराण्यातल्या आहेत, हे उंदरांनी दाखवून दिलं. काही उंदरांची हाडं जन्मतःच दगडासारखी भरीव असतात, कारण त्यांच्यात खणण्याचं काम होतच नाही. अमेरिकेतल्या डोनाल्ड वॉकर यांनी 1975 मध्ये अशा उंदरांना निरोगी उंदरांच्या अस्थिमज्जेतल्या आणि प्लीहेतल्या पेशी दिल्या. तेव्हा त्यांच्या हाडांत खणणं सुरू झालं!

आता येऊ पुण्याच्या डॉ. मोहन वाणी यांच्याकडे. माणसानं एका पेशीच्या मागे किती वर्षं लागावं, हे त्यांच्याकडून शिकावं. 1990 च्या दशकात ते लंडनच्या सेंट जॉर्जेस हॉस्पिटल मेडिकल स्कूलमध्ये टिम चेंबर्स यांच्याबरोबर याच ऑस्टिओक्लास्टवर काम करत होते. नंतर पुण्याच्या राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्रात त्यांनी आपल्या विद्यार्थ्यांना घेऊन हाच धागा पुढे नेला. ते या संस्थेचे संचालकही झाले.

प्रयोग कसा करतात बघा. उंदराच्या अस्थिमज्जेतल्या कोवळ्या पेशी काचेच्या किंवा प्लॅस्टिकच्या बशीत वाढवायच्या. या पेशींचं पुढे काय व्हायचं ते अजून ठरलेलं नसतं. त्यांना रँकल नावाचं प्रथिन दिलं की ‘खणणारी हो’ असा निरोप मिळतो. काही दिवसांत त्या एकमेकींत मिसळू लागतात. मग एक खास रंग टाकायचा. ऑस्टिओक्लास्ट लालसर होतात. सूक्ष्मदर्शकाला डोळा लावायचा आणि तीन किंवा जास्त केंद्रकं असलेल्या लाल पेशी एकेक करून मोजायच्या. या पेशी खरंच खणतात का, हे बघायचं असेल तर बशीत जनावराच्या हाडाची पातळ चकती ठेवायची आणि नंतर तिच्यावरचे खड्डे मोजायचे. मला तर हे खड्डे मोजणं फार आवडतं. पेशीनं काय केलं, त्याचा पुरावाच हाडावर कोरलेला सापडतो!

वाणी आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी रँकलच्या जोडीला इंटरल्युकिन-3 हे दुसरं प्रथिन बशीत टाकलं. आपल्या शरीरात ते टी पेशी, म्हणजे रोगांशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी, तयार करतात. झालं काय, तर ऑस्टिओक्लास्ट बनेनात! कोवळ्या पेशी मेल्या नव्हत्या, त्यांनी फक्त वाट बदलली होती. त्या मॅक्रोफेज झाल्या, म्हणजे जंतू गिळणाऱ्या पेशी. आणि एकदा त्या वाटेला लागल्या की खणण्याकडे परत वळत नव्हत्या. हे काम 2003 मध्ये प्रसिद्ध झालं.

पण उंदरात जे घडतं ते माणसात घडेलच असं नाही. म्हणून त्यांनी माणसाच्या पेशीही तपासल्या. 2010 मध्ये कळलं की तिथेही इंटरल्युकिन-3 खणणाऱ्या पेशी बनू देत नाही, मात्र इथे त्या कोवळ्या पेशी डेंड्रायटिक पेशी होतात. याही रोगांशी लढणाऱ्या फौजेतल्याच. 2011 मध्ये संधिवात झालेल्या उंदरांना हे प्रथिन दिल्यावर त्यांचा आजार सौम्य झालेला दिसला. आणि 2012 मध्ये तर कमालच झाली. माणसाच्या मूळपेशींना हेच प्रथिन दिलं, तर त्यांच्यापासून हाड भरणाऱ्या पेशी जास्त तयार होऊ लागल्या. एकच प्रथिन, इकडे खणणं रोखतं आणि तिकडे भरण्याला बळ देतं!

कितीतरी आज्यांची हाडं म्हातारपणी ठिसूळ होतात, कारण खणणारी टोळी जोरात असते आणि भरणारी मागे पडते. रुमॅटॉइड संधिवातात सांध्याजवळचं हाड अक्षरशः कुरतडलं जातं. म्हणून तर रँकलचा निरोप अडवणारं एक औषध 2010 पासून डॉक्टर वापरतात. पण मग खणणं पूर्णच बंद का करू नये? वॉकर यांचे उंदीर आठवा. न खणलेलं हाड भरीव होतं, मज्जेला जागा उरत नाही, रक्त कमी तयार होतं आणि दगडासारखं दिसूनही ते हाड पटकन मोडतं. माणसांतही असा दुर्मीळ आजार असतो.

पण मला सगळ्यात जास्त कुतूहल आहे ते टी पेशींचं. संधिवातात सुजलेल्या सांध्यात त्या रँकलही सोडतात, म्हणजे ‘खणा’ म्हणतात. इंटरल्युकिन-3 सुद्धा त्यांचंच, म्हणजे ‘खणू नका’ हा निरोपही त्यांचाच. कुठल्या सांध्यात कुठला निरोप कधी वरचढ ठरतो, आणि ‘खणू नका’चा आवाज औषधानं हवा तेवढाच कसा वाढवायचा, यासाठी अजून बऱ्याच बशा भरायच्या आहेत आणि बरेच खड्डे मोजायचे आहेत.